इलेक्ट्रोलाइटला ‘अपघटनी’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: उच्च व्होल्टेजच्या लिथियम-मेटल (एक टोक लिथियम धातूचं असलेल्या) बॅटरीवर मराठीत लेख लिहायचाय, तर इलेक्ट्रोलाइटसाठी, म्हणजे दोन टोकांमधल्या, द्रावकात लिथियमचा क्षार विरघळवून केलेल्या द्रवासाठी, शाळेतला ‘विद्युत अपघटनी’ घ्यावा की विश्वकोशातला ‘विद्युत् विच्छेद्य’?

या विषयापुरते मला दोन्ही नकोत. अपघटन म्हणा नाहीतर विच्छेदन, पदार्थ तुटणारच. यात मराठीकारांचा दोष नाही. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं १८३४ साली मूळ शब्द वापरात आणला तोच ‘विजेनं ज्याचं विघटन होतं तो’ या अर्थानं. पाण्यातून हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे करताना तो चपखल बसतो.

बॅटरीत मात्र सगळी धडपड तो तुटू नये म्हणून. नेहमीच्या कार्बोनेट द्रावकांचं लिथियम धातूशी पटत नाही. ईथर जातीच्या द्रावकांचं पटतं, पण ४ व्होल्टच्या आसपास दुसऱ्या, म्हणजे धन टोकाला त्यांचं ऑक्सिडीकरण होऊन ते तुटू लागतात. मग कुणी लिथियमच्या क्षाराचं प्रमाण इतकं वाढवतं की मोकळा द्रावक जेमतेम उरतो. कुणी ईथरच्या रेणूवर फ्लोरिन बसवतं, जसं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटानं २०२० मध्ये केलं. इतकं करून घडवलेल्या द्रवाला ‘अपघटनी’ म्हणायचं, तर धरणालाही ‘फुटणी’ म्हणायला हरकत नाही!

गंमत म्हणजे थोडं तुटणं हवंही असतं. लिथियमला भिडलेला इलेक्ट्रोलाइट सुरुवातीला जरासा तुटतो, त्याचा पातळ थर बसतो आणि पुढची मोडतोड अडते. या थराला मी बेधडक ‘साय’ म्हणेन. चार्जिंगला लिथियम चढतं, वापरताना उतरतं, त्यात ही साय फाटते, नवी धरते आणि दर वेळी थोडा इलेक्ट्रोलाइट खर्ची पडतो. चांगला इलेक्ट्रोलाइट म्हणजे चिवट साय धरणारा.

इन्व्हर्टरवाला ‘बॅटरीचं पाणी’ म्हणतो. शब्द झकास, पण लिथियमशेजारी पाण्याचं नावही नको. तेव्हा ‘इलेक्ट्रोलाइट’च लिहा, वाचकाला कळतो.

न विचारलेलं एक सांगतो. पुस्तकात ॲनोड म्हणजे ‘धनाग्र’. अपघटनाच्या भांड्यात ते खरं. पण वीज देणाऱ्या बॅटरीत ॲनोड, म्हणजे इथे लिथियमची पट्टी, ऋण टोक असतं. ‘लिथियमचं धनाग्र’ लिहिलंत, तर टॉर्चमध्ये सेल घालणारं पोरही चूक काढेल.