जानेवारीत म्युनिकहून रेल्वेने रोमला जाताना एक रात्र कुठे थांबावं : व्हेरोना, बोलोन्या की फ्लोरेन्स?

सोबत सत्तरीतले आईवडील, प्रत्येकाची एक मोठी बॅग, जेवण शाकाहारी आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत रोम, असं तुम्ही लिहिलं आहे. एवढ्यावरून माझं उत्तर बोलोन्या.

उन्हाळा असता तर व्हेरोना सुचवलं असतं. पण जानेवारीत उत्तर इटलीत पावणेपाच-पाचला सूर्य मावळतो, पो नदीच्या खोऱ्यात धुकं उतरतं, फरसबंदी ओली असते. अशा वेळी दोनच गोष्टी बघायच्या : स्टेशनवरून खोलीपर्यंत अंधारात बॅगा घेऊन कसं पोचणार आणि सकाळची गाडी हुकली तर पुढची किती वेळाने आहे.

म्युनिकहून ब्रेनर खिंडीमार्गे (उंची १,३७१ मीटर) येणारी युरोसिटी (एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी गाडी) व्हेरोनाला साधारण साडेपाच तासांत पोचते. काही गाड्या तशाच पुढे बोलोन्याला जातात, त्यांना सातेक तास लागतात; इतर गाड्यांसाठी व्हेरोनाला बदलावं लागतं. सकाळचीच गाडी धरा, म्हणजे इन्सब्रुक ते बोलझानो हा डोंगराचा टप्पा उजेडात दिसेल. या मार्गावर उशीर होतो, म्हणून व्हेरोनाला बदलायचं असेल तर निदान पाऊण तास हाताशी ठेवा. पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकू नका, सीमेवर पोलीस डब्यात येऊन तपासू शकतात.

बोलोन्याचं स्टेशन जुन्या शहराच्या उत्तर कडेला आहे. तिथून व्हिया देल्ल'इंदिपेंदेन्झा हा रस्ता सरळ प्याझ्झा माज्जोरे या मुख्य चौकापर्यंत जातो, वीसेक मिनिटं चालायचं. या रस्त्याला कमानींचे झाकलेले पादचारी मार्ग आहेत. शहरभरात मिळून ते ६२ किलोमीटर भरतात आणि २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. पाऊस असो की बर्फ, चाकांची बॅग कोरड्या जमिनीवरून ओढत नेता येते. वयस्कर माणसांसाठी हिवाळ्यात यासारखं सुख नाही. हॉटेल स्टेशनच्या दक्षिणेला, याच रस्त्याच्या आसपास घ्या. मात्र आधी तारखा तपासा : शहरात मोठी प्रदर्शनं असतात तेव्हा खोल्यांचे दर चढतात. शहरातला उंच आसिनेल्ली मनोरा चढायचा बेत नको. शेजारचा झुकलेला गारिसेंदा धोकादायक ठरल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन्ही बंद झाले.

फ्लोरेन्सला एका रात्रीसाठी उतरणं मला पटत नाही. अंधारात पोचायचं, सकाळी घाईत निघायचं, आणि जानेवारीत ‘पित्ती उओमो’ हा फॅशनचा मेळा असेल तर दामदुप्पट भाडं. त्यापेक्षा बोलोन्याहून सकाळी आठच्या सुमारास निघा. वेगवान गाडी पाऊण तासाच्या आत फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनला पोचवते, ते स्टेशन शहराच्या अगदी मध्यात आहे. सामान तिथल्या ठेव-केंद्रात ठेवा, दिवसभर फिरा, संध्याकाळी दीड-पावणेदोन तासांत रोम. फक्त तो दिवस सोमवार नको, उफिझी हे प्रसिद्ध कलासंग्रहालय बंद असतं.

म्युनिकहून दुपारनंतर निघणार असाल तर गणित बदलतं. मग बोलझानोला थांबा. म्युनिकहून चारेक तास, स्टेशनपासून मुख्य चौक पाच मिनिटांवर, आणि तिथे जर्मन चालतं, हा जर्मनीत राहणाऱ्यांना मोठाच आधार.

तिकिटांबाबत एक समज काढून टाका. इटलीत वेगवान गाड्यांचं तिकीट त्याच गाडीचं असतं. एकाच तिकिटावर मध्ये रात्रभर उतरता येत नाही. प्रत्येक टप्प्याचं वेगळं तिकीट काढा. सर्वात स्वस्त ‘सुपर इकॉनॉमी’ बदलता येत नाही, म्हणून ते फक्त दुसऱ्या दिवसासाठी घ्या, रात्रभराचा अवधी मध्ये असल्याने धोका कमी. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्यायचं, नाहीतर दंड. निघण्यापूर्वी आठवडाभर ‘शोपेरो’, म्हणजे संपाच्या बातम्या बघत राहा.

बोलोन्यात सकाळी स्टेशनवर वीस मिनिटं आधी पोचा. १६ ते १९ हे वेगवान गाड्यांचे फलाट जमिनीखाली खोल आहेत, लिफ्ट आणि सरकते जिने धरून बराच वेळ जातो. फलकावर शेवटचं स्थानक लिहिलेलं असतं, त्यामुळे तुमची गाडी ‘नापोली’ किंवा ‘सालेर्नो’ नावाने दिसू शकते. गाडी क्रमांकावरूनच शोधा.

खोलीचं म्हणाल तर अपार्टमेंटऐवजी हॉटेल बरं. जुन्या इमारतींतलं सामाईक हीटिंग नियमाने रात्री अकराला बंद होतं. मुक्कामाचा शहर-कर बहुधा वेगळा द्यावा लागतो, आणि नोंदणीसाठी प्रत्येकाचा पासपोर्ट मागतात.

जेवण साडेसातच्या आधी क्वचितच मिळतं, तेव्हा आईवडिलांसाठी जवळ काहीतरी खायला ठेवा. बोलोन्याची प्रसिद्ध तोर्तेल्लिनी टाळा : सारणात डुकराचं मांस आणि रस्साही मांसाचाच. रिकोत्ता भरलेली, लोणी आणि सेजच्या पानांतली तोर्तेल्लोनी मागवा. पियादिना आणि क्रेशेंतिना या साध्या भाकरी दिसतात, पण त्यांत बऱ्याचदा डुकराची चरबी असते. ‘सेन्झा स्त्रुत्तो?’ (चरबीशिवाय?) असं विचारूनच घ्या.