विमाने लष्कराची, वैमानिक मात्र ‘नागरी’

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील स्त्रियांनी लष्करी विमाने चालवली, तरीही त्यांना सैनिक मानले गेले नाही, असे वाचले. हे खरे आहे काय? असल्यास तसे का घडले?
– एक वाचक, सातारा

उत्तर : होय, खरे आहे. ऑगस्ट १९४३ मध्ये स्थापन झालेल्या ‘विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स’ अर्थात ‘वास्प’ या दलासाठी पंचवीस हजारांहून अधिक स्त्रियांनी अर्ज केले होते. टेक्सासमधील स्वीटवॉटर येथील खडतर प्रशिक्षण त्यांपैकी १,०७४ जणींनी पूर्ण केले. कारखान्यातून निघालेली नवी विमाने तळांवर पोहोचवणे हे त्यांचे मुख्य काम. याहून जोखमीचे काम कॅम्प डेव्हिस या तळावर होते : विमानामागे लांब दोरीने कापडी लक्ष्य बांधून त्या उडत आणि जमिनीवरचे शिकाऊ तोफखाना जवान त्या कापडावर खरा दारूगोळा झाडत. नेम चुकला की मारा विमानालाच बसे. याच तळावर ऑगस्ट १९४३ मध्ये मेबल रॉलिन्सन यांचे विमान रात्री कोसळून पेटले आणि डोक्यावरचे झाकण न उघडल्यामुळे त्या आतच जळून मरण पावल्या.

एकूण ३८ जणींनी प्राण गमावले. कागदोपत्री त्या नागरी कर्मचारी असल्याने शवपेटीवर राष्ट्रध्वज घालण्याचा मान त्यांना मिळत नसे आणि पार्थिव घरी पाठवण्याचा खर्चही सरकार देत नसे. अनेकदा मैत्रिणींनीच वर्गणी काढून तो भागवला. या साऱ्या इतिहासात मला ही वर्गणी सर्वांत लाजिरवाणी वाटते.

हवाईदलप्रमुख जनरल हेन्री आर्नोल्ड हे स्वतः लष्करी दर्जा देण्याच्या बाजूचे होते. परंतु १९४४ पर्यंत वैमानिकांची टंचाई सरली होती, प्रशिक्षण केंद्रे बंद होऊ लागली होती आणि तेथील नागरी पुरुष प्रशिक्षकांना आता आपली रवानगी पायदळात होणार अशी धास्ती पडली होती. त्यांनी लोकप्रतिनिधींकडे आग्रह धरला, वृत्तपत्रांतूनही टीका झाली आणि जूनमध्ये हा दर्जा देणारे विधेयक थोड्या मतांनी फेटाळले गेले. डिसेंबरात दलच बरखास्त झाले.

पुढे १९७६ मध्ये, आपली विमाने स्त्रिया प्रथमच चालवणार असल्याचे हवाईदलाने जाहीर केले, तेव्हा या वृद्ध वैमानिक संतापून एकत्र आल्या आणि १९७७ मध्ये कायद्याने त्यांना माजी सैनिकांचा दर्जा मिळाला. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्या अस्थींना जागा मिळावी, यासाठी मात्र २०१६ मध्ये आणखी एक कायदा करावा लागला.