शेतातील जुनी नाणी आणि त्यांवरील हिरवा थर

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातील एका गावात माध्यमिक शिक्षक आहे. गेल्या वैशाखात आमच्या शेततळ्याच्या खोदकामात १७ लहान, हिरवट नाणी निघाली. त्यांपैकी एकावर सोंड उंचावलेला हत्ती ओळखू येतो, मागच्या बाजूस फुलीच्या चारही टोकांना वर्तुळे आहेत. घरच्यांनी दोन नाणी चिंच-मीठ लावून घासली. ती तेव्हा लखलखीत झाली, परंतु श्रावणात त्यांवर फिकट हिरवी भुकटी येऊ लागली. प्राचीन रोमन नाणी ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने बुडवून स्वच्छ करतात, असे मी मोबाइलवर पाहिले. उरलेल्या नाण्यांना तोच उपाय करावा काय? (छायाचित्रे सोबत आहेत.)

उत्तर : उरलेल्या १५ नाण्यांना आपण हात लावला नाही, हे फार चांगले झाले. छायाचित्रांवरून ती सातवाहनांची असावीत असे वाटते. १९३९ साली मंगरूळपीरजवळ तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा मोठा साठा सापडला होता आणि त्या नाण्यांवरही असाच हत्ती व अशीच वर्तुळांची फुली, म्हणजे उज्जैन चिन्ह, आहे. पोटीन म्हणजे तांब्यात शिसे व कथील मिसळून केलेली मिश्रधातू. ती ठिसूळ असते, त्यामुळे जोर लावून घासताना नाण्याचा काठ तुटू शकतो.

आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यावर चढणाऱ्या हिरव्या थराला कळंक म्हणतात आणि तो चिंचेने काढण्याची सवय घरोघरी आहे. भांड्याच्या बाबतीत ती योग्यच आहे, कारण कळंक गेला की खाली भांडे तसेच राहते. जमिनीत अठराशे वर्षे पडून राहिलेल्या नाण्याचे मात्र तसे नसते. त्याचा पृष्ठभागच हळूहळू खनिजात बदललेला असतो : धातूला लागून क्युप्राइटचा लालसर थर आणि त्यावर मॅलाकाइटचा हिरवा थर. हत्तीची सोंड आणि ब्राह्मी अक्षरांच्या रेषा पुष्कळदा या थरांमध्येच शिल्लक असतात, आतल्या धातूत त्यांचा मागमूसही नसतो. चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर यांतील आम्ल हे थर विरघळवते आणि त्यांबरोबर अक्षरेही जातात. आपल्या घासलेल्या नाण्यांपैकी एकाच्या छायाचित्रात हत्तीच्या जागी केवळ गुळगुळीत उंचवटा दिसतो, त्याचे कारण हेच आहे. ते पाहून मला खरोखर वाईट वाटले.

आता त्या भुकटीविषयी. तिला ‘ब्राँझचा रोग’ म्हणतात आणि तिचे मूळ मिठात आहे. मिठातील क्लोराइड तांब्याशी संयोग पावून नाण्याच्या आत क्युप्रस क्लोराइड तयार होते. हवेतील ओलावा व ऑक्सिजन मिळताच त्याची फिकट हिरवी भुकटी बनते आणि त्या क्रियेत निघणारे आम्ल आणखी तांबे खाते, त्यामुळे हे चक्र थांबत नाही. आपला तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तेथील मातीतून थोडेफार क्षार नाण्यात आधीच शिरलेले असणार, त्यात घासताना वरून मीठ पडले. वैशाखातील कोरड्या हवेत काही जाणवले नाही आणि श्रावणात हवा दमट होताच रोग वर आला. उरलेल्या नाण्यांतही तो दडलेला असू शकतो, म्हणून प्रत्येक नाणे उजेडात न्याहाळावे. गडद, कठीण आणि गुळगुळीत हिरवा थर हा नाण्याचे रक्षण करणारा असतो. नखाने सहज निघणारे फिकट, पिठासारखे ठिपके मात्र रोगाचे होत.

ऑलिव्ह तेलाचा प्रयोग रोमन नाण्यांवर अनेक हौशी संग्राहक करतात, परंतु मी तो सुचवणार नाही. तेलात मुरलेल्या आम्लामुळे थर मऊ होतो तसा रंगही बिघडतो, आणि छिद्रांत मुरलेले तेल पुढे प्रयोगशाळेतील उपचारांना अडथळा आणते. तिसऱ्या शतकातील रोमन अँटोनिनियानस नाण्यांवर चांदीचा जो अतिशय पातळ मुलामा असतो, तो तर घासण्याच्या घाईत कायमचा निघून जातो.

स्वच्छतेच्याही आधीचे एक काम आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, १० रुपयांहून अधिक मूल्याच्या ठेव्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. ती दडवल्यास शिक्षेची तरतूद आहे आणि सापडवणाऱ्याचा हक्कही जातो. नाण्यांची अवस्था सांगून, अधिक स्वच्छता न करता, आपण हा अर्ज याच आठवड्यात द्यावा.

तोपर्यंत नाणी केवळ जपावयाची आहेत. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घेऊन ते वेगळ्या पाकिटात ठेवावे, कारण रोगट नाण्याची भुकटी इतरांवर पडू देऊ नये. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ही पाकिटे ठेवावीत. आतील हवेची आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर रोग जवळजवळ थांबतो. सागवानी पेटी किंवा पुठ्ठ्याचा डबा मात्र टाळावा. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा शिशाला खातात आणि आपल्या नाण्यांत शिसे आहे.

आपल्या शिक्षकी उत्सुकतेला मी पूर्णपणे अडवू इच्छित नाही. पुढे संबंधितांनी परवानगी दिली, तर सुट्या मातीपुरते एक काम घरी करता येते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्यावे, बोअरचे खारे पाणी मुळीच नको. नाणे भिजत न ठेवता मातीवर एकेक थेंब सोडावा आणि बाभळीच्या काट्याचे टोक आडवे धरून, भिंगाखाली, केवळ माती उचलावी. काटा हिरव्या थराला लागून अडला की तेथेच थांबावे. मग नाणे मऊ कापडाने टिपून पूर्ण वाळवावे. या कामात तोंडाला रुमाल बांधावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत, कारण शिशाची धूळ विषारी असते. राखाडी, जड आणि शिशाचे वाटणारे नाणे निघाल्यास त्याला पाणीही लावू नये.

घासलेली दोन नाणी घरच्या उपायांच्या पलीकडे गेली आहेत. त्यांच्यावर बेंझोट्रायझोल या तांब्याची झीज रोखणाऱ्या रसायनाचा उपचार करावा लागेल. ते रसायन आरोग्याला अपायकारक असल्याने हे काम प्रशिक्षित संवर्धकाचेच आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, याविषयी विचारणा करावी. तेथे जाताना शेततळ्याच्या त्याच थरातील मूठभर कोरडी माती वेगळ्या पिशवीत घालून न्यावी. तिच्यातील क्षार तपासले, तर या नाण्यांत किती मीठ मुरले असेल याचा अंदाज संवर्धकाला बांधता येईल.