कबुतराला उवा दिसल्या? आधी एवढंच कर

अरे घाबरू नकोस, ढाबळ म्हटली की उवा आल्याच, त्यात पुण्यात गॅलरीगॅलरीत पारवे, ते दाणे टिपायला आत घुसले की देऊनच जातात. पंखातल्या त्या लांबट उवा पिसं खातात, रक्त पीत नाहीत आणि माणसावर टिकतही नाहीत, तेव्हा आईला सांग घरभर फवारणी नको.

- पंख उन्हात उघडून धर, मोठ्या पिसांत बारीक रेघा दिसतील त्याच उवा. लिखा पंखाच्या आतल्या बाजूला.
- परातीत आंघोळीचं पाणी ठेव, सकाळी उन्हात, फार लाड नकोत.
- पावडर पक्ष्यांचीच, डॉक्टरला विचारून. झुरळांचा स्प्रे मारतात काही जण, प्लीज नको!

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एकदा पावडर मारून विसरणं, लिखा त्याने मरत नाहीत, त्या फुटल्या की परत तेच, म्हणून साधारण 7-10 दिवसांनी परत मारायची आणि सगळ्यांना एकदमच. चोच उगाच कापू नकोस, वरच्या चोचीच्या त्या टोकानेच कबुतर उवा चिरडतं. एकाच्याच अंगावर खूप झाल्या तर ते आजारी असेल, स्वतःला साफ करत नसेल, त्याला आधी दाखव.