विचारा तर खरं: सुई का उडते, रेकॉर्ड प्लेयर का घुमतो?

प्रश्न: आमचं घर जुन्या वाड्याच्या माडीवर, खाली लाकडी तुळया आणि फळ्या. खोलीतून कुणी चाललं की रेकॉर्डवरची सुई उडते. हेडशेलवर (आर्मच्या टोकाला सुई बसते त्या भागावर) रुपयाचं नाणं ठेवून पाहिलं. उड्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. (एक वाचक, पुणे)

उत्तर: आधी ते नाणं काढा. बहुतेक कार्ट्रिजना (सुई धरणाऱ्या डबीला) दीड ते दोन ग्रॅम दाब पुरतो आणि रुपयाचं नाणं एकटंच तीन ग्रॅमहून जड असतं. रेकॉर्डच्या खाचेची झीज वाढते, शिवाय सुईचा बारीक दांडा कायमचा दबून जातो.

दुखणं जमिनीत आहे. पाऊल पडलं की फळ्या सावकाश वरखाली होतात. आर्म (सुईचा लांब दांडा) आणि कार्ट्रिजची जोडीही साधारण ८ ते १२ हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या वेळा) आसपास डोलते, त्यामुळे असे मंद हेलकावे सुईला सहज उचलतात. इथे स्प्रिंगा किंवा स्पंज घेऊन फसू नका. स्प्रिंग तिच्या स्वतःच्या झोक्याच्या गतीच्या सुमारे १.४ पटीपुढची कंपनंच अडवते. त्याखालची ती तशीच वर पाठवते, झोक्याशी जुळणारी तर वाढवून. ओझ्याखाली १ सेंमी दबणारी स्प्रिंग ५ हर्ट्झला झुलते; म्हणजे ७ हर्ट्झच्या खाली तिचा उपयोग नाही.

तेव्हा जमिनीशी संबंधच तोडा, प्लेयर भिंतीवर न्या. भिंत किमान ९ इंची विटांची हवी. साडेचार इंची पडदी नको, आणि ज्या भिंतीत तुळयांची टोकं बसली आहेत तीही शक्यतो नको, नाहीतर पावलांचा धक्का तिच्यातून येईल. दार आपटणारी किंवा जिन्याला लागून असलेली भिंतही टाळा. २५ मिमी लोखंडी अँगलचे दोन त्रिकोणी ब्रॅकेट तिरप्या आधारासह वेल्डरकडून करून घ्या, वर १९ मिमी प्लायची साधारण ५० बाय ४० सेंमी फळी. फळी हलकी पण ताठ असावी. इथे जड दगड ठेवण्याचा मोह नको, भिंतीवर भार वाढतो आणि फळीही मंद डोलू लागते. भोक विटेत पाडा, सांध्यात नाही. वाड्याच्या भिंती मातीच्या किंवा चुन्याच्या दर्जेत असतात, त्यात फुगणारा अँकर फास्टनर वीट फोडतो; त्याऐवजी केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) लावा किंवा भिंतीपलीकडे पट्टी देऊन आरपार बोल्ट. शेवटी प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीवर) पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी पातळी बघा.

भिंत मिळतच नसेल तर टेबल खोलीच्या कडेला, तुळयांच्या टोकाजवळ सरकवा. फळ्या सगळ्यात जास्त हलतात त्या तुळईच्या मध्यावर.

प्रश्न: फ्लॅट आरसीसीचा आहे, चालल्याने काही होत नाही. पण आवाज वाढवला की खर्जात घूंऽऽ असा नाद सुरू होतो. प्लेयर आणि दोन्ही स्पीकर एकाच शोकेसवर आहेत. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: कारण तुम्हीच लिहिलंत. स्पीकरचा हादरा शोकेसमधून सुईपर्यंत जातो, सुई तो पुन्हा अँप्लिफायरला देते आणि चक्र सुरू होतं. खात्री करायची असेल तर मोटर बंद ठेवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाजाच्या बटणावर हात ठेवून तो हळूहळू वाढवा आणि शोकेसवर बोटाने टिचकी मारा. ठोका मोठा ऐकू आला, घूं सुरू झालं किंवा वूफर (स्पीकरचा खर्जाचा पडदा) ढवळू लागला तर लगेच आवाज खाली आणा.

स्पीकर शोकेसवरून उतरवा. तेवढ्यानेच बहुतेकदा भागतं. प्लेयर कोपऱ्यात असेल तर तोही हलवा, खर्ज तिथेच साठतो. झाकण वाजवताना काढून ठेवा. ते पडद्यासारखं हादरे झेलतं.

तरी राहिलं तर कडप्प्याचा ५० बाय ४० बाय २ सेंमीचा तुकडा (सुमारे १०–११ किलो) घ्या, कडा घासून. त्याखाली लहान मुलांच्या सायकलची १२ इंची ट्यूब अर्धवट हवा भरून ठेवा आणि वर मधोमध प्लेयर. दगड कुठेही टेकता कामा नये, वायरीही सैल हव्यात. ताणलेली वायर हादरे थेट पोहोचवते. ट्यूब घट्ट फुगवली की फायदा गेला. हवा उतरते, तेव्हा आठवड्याला पातळी तपासा.

एक अपवाद. प्लॅटर बोटाने दाबून सोडल्यावर तो तीन-चारदा झुलत असेल तर प्लेयरच्या आत स्प्रिंगा आहेतच (थॉरेन्स टीडी १५० किंवा लिन एलपी १२ सारखा). त्याखाली ट्यूब नको, झुल्यावर झुला होतो. अशा प्लेयरला हलकं, ताठ टेबल द्या.

प्रश्न: प्लेयरखाली टोकदार खिळे चांगले की रबराचे पाय? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: खिळे कंपन अडवत नाहीत, ते प्लेयरला खालच्या पृष्ठभागाशी घट्ट जोडतात. रॅक डगमगू नये म्हणून ठीक, पण खालून येणारं काही थांबणार नाही. रबर किंवा सॉर्बोथेन (हादरे शोषणारं मऊ, रबरासारखं द्रव्य) वजनाप्रमाणे घ्या: प्लेयरचं वजन भागिले पायांची संख्या. त्या ओझ्याखाली सॉर्बोथेन उंचीच्या १५–२० टक्के दबायला हवं. कमी दबलं तर ते कडकच राहतं, फार दबलं तर चपटं होऊन पुन्हा कडक. मोटर एका बाजूला असेल तर तिकडच्या पायांवर भार जास्त येतो, म्हणून तिथे एक पायरी जास्त कडक पाय लावा.