पोराचं लिगामेंट तुटलंय: कबड्डीवाल्या मुलीच्या बापाचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निपाणीजवळचं गाव, १३ वर्षांचा मुलगा, तालमीत लढताना गुडघा वळला आणि एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारं गुडघ्यातलं लिगामेंट, पूर्ण तुटल्याचं आलं. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात १६ वर्षांचा होईपर्यंत थांबा. वस्ताद म्हणतात महिनाभर तेल चोळा, घरचे म्हणतात कुस्तीच बंद. आणि ज्याचा गुडघा आहे तो आठ दिवस कुणाशी बोलत नाही.

मी डॉक्टर नाही. खानापूर तालुक्यातला शेतकरी आहे, आणि या गुडघ्यापायी दीड वर्ष दवाखान्याचे उंबरठे झिजवलेत. माझं काय चुकलं ते आधी सांगतो.

माझी मुलगी तेव्हा १५ वर्षांची, नववीत. २०२३ चा ऑगस्ट, तालुका पातळीवरची कबड्डी, मैदान ओलं. रेडला गेली, वळताना एकीने तिचा घोटा धरला, अंग फिरलं आणि पाय तिथंच राहिला. 'टक्' असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. सरांनी स्प्रे मारला, ती उठली आणि लंगडत आणखी एक रेड मारून आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी गुडघा पपईएवढा झाला.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. हाड शाबूत. तेवढ्यावर मी देवापुढं नारळ फोडला. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. खेळताना आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला, तर आत रक्त साठलेलं असण्याची शक्यता मोठी असते, एवढं जरी तेव्हा ठाऊक असतं तरी पुढचं टळलं असतं. मग आपल्याकडं जे करतात ते केलं. हाडं बसवणाऱ्याकडं नेलं. त्यानं चोळलं, लेप लावला, कसून पट्टी बांधली. तीन आठवड्यांत सूज उतरली, ती चालायला लागली, आणि मीच सरांना फोन करून सांगितलं, पोरगी बरी झाली.

गणपतीच्या तोंडावर परड्यातल्या दोन पायऱ्या उतरताना तिचा गुडघा आतून सटकला. हातातली कळशी गडगडत गेली. ती खाली बसली ती पाय सरळच होईना. एमआरआयला कळलं की लिगामेंट तर तुटलंच होतं, आता आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, तीही फाटून सांध्यात अडकली होती.

म्हणून तुमच्या वस्तादांच्या तेलाबद्दल स्पष्ट बोलतो. मुरगळ, लचक, भरलेली मांडी यात त्यांचा हात चालतो, मी नाही म्हणत नाही. पण पूर्ण तुटलेलं एसीएल चोळून जुळत नाही. सूज उतरते, दुखणं थांबतं, आणि पोरगं 'बरं झालं' म्हणून पुन्हा हौद्यात उतरतं. खरा धोका तिथंच आहे. वस्तादांशी भांडू मात्र नका. एकदा त्यांना सोबत घेऊन फिजिओथेरपिस्टकडं जा. माझ्या मुलीच्या सरांना मी नेलं होतं. त्यानंतर लवकर खेळवा म्हणून त्यांनी कधी आग्रह धरला नाही. आग्रह धरला तो मी, ते पुढं येतंच.

आता दोन डॉक्टरांची दोन मतं. दोघंही आपापल्या परीनं बरोबर असू शकतात. १३ वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यालगत हाडाची वाढ होते ती पट्टी अजून उघडी असते. मोठ्या माणसासारखं सरळ भोक पाडून ऑपरेशन केलं आणि त्या पट्टीला इजा झाली, तर पाय आखूड किंवा वाकडा वाढण्याचा धोका असतो. म्हणून पूर्वी सर्रास 'थांबा' म्हणायचे. आता ती पट्टी वाचवून ऑपरेशन करण्याच्या पद्धती आहेत, पण त्या जमणारा सर्जन हवा. दुसऱ्या बाजूनं, गादी शाबूत असेल आणि गुडघा सटकत नसेल तर व्यायाम आणि ब्रेसवर (गुडघ्याला आधार देणाऱ्या पट्ट्यावर) काही काळ थांबणं हाही मान्य मार्ग आहे. फक्त ते 'थांबणं' नीट समजून घ्या. थांबणं म्हणजे कुस्ती नाही, गल्लीतला फुटबॉल नाही, झाडावरून उडी नाही, आणि ठरलेल्या तारखेला तपासणी. ऑपरेशन लांबवून तालमीत जाणं हा तिसरा मार्ग नव्हे, ती गादी फाडून घेण्याची सोय आहे. आणि गादी आधीच फाटली असेल, किंवा घरात चालता चालता गुडघा दगा देत असेल, तर थांबा म्हणणारे डॉक्टरही बहुतेक मत बदलतील. म्हणून रिपोर्ट काढा आणि मेनिस्कसबद्दल काय लिहिलंय ती ओळ आधी वाचा.

बेळगाव, कोल्हापूर, मिरज, हुबळी, जिथं जाल तिथं सर्जनला हे विचारा: वाढीची पट्टी उघडी आहे का, ते कशावरून ठरवलं? १५ वर्षांखालच्या किती मुलांचं हे ऑपरेशन तुम्ही केलंय? तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायला नस कुठली घेणार? (लहान वयात त्याच्या स्वतःच्या शरीरातली घेतात, दात्याची नस तरुण खेळाडूंत जास्त वेळा तुटते.) ऑपरेशननंतर पायाची लांबी किती दिवस मोजत राहणार? आणि व्यायाम कोण करून घेणार? या शेवटच्या प्रश्नाला 'तक्ता देतो, घरी करा' असं उत्तर आलं तर मी दुसरीकडं बघेन.

पैशाचं. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. तातडीचं नसेल तर सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, तो कागद आधी करून घ्या. सहकारी सोसायटीचे सभासद असाल तर यशस्विनी आरोग्य योजना आहे. शिवाय महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. तुमचं गाव यादीत असेल तर कोल्हापूरच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला विचारा. हे ऑपरेशन पॅकेजमध्ये बसतं का, हे भरती व्हायच्या आधी तोंडी नको, नोंदवून घ्या. दोन राज्यांच्या मध्ये राहून आपण एरवी हेलपाटेच मारतो, कधी तरी दोन दारं ठोठावायचा फायदाही घ्यावा.

ऑपरेशन दीड-दोन तासांचं असतं. खरं काम घरी आल्यावर सुरू होतं आणि ते आपल्या अंगावर पडतं. पहिल्या दोन आठवड्यांत एकच ध्यास ठेवा: गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. आमच्या आईनं मायेनं नातीच्या गुडघ्याखाली उशी सारली, आणि मुलीलाही बरं वाटलं. चौथ्या दिवशी फिजिओच्या बाईंनी ती उशी काढून टाचेखाली गुंडाळलेली चादर ठेवली. गुडघा मध्ये अधांतरी. पोरगी ओरडली, आई मला शिव्या देत बाहेर गेली. पण वाकडा राहिलेला गुडघा पुढं फार महाग पडतो. मग मांडी आवळून गुडघ्याची वाटी वर सरकवायची, दिवसातून शेकडो वेळा. पहिले तीन दिवस तिची वाटी हललीच नाही. चौथ्या दिवशी जराशी सरकली तेव्हा आम्ही तिघं त्या वाटीकडं बघत बसलो होतो.

आणि संडासाची सोय ऑपरेशनच्या आधी करा. आपल्या गावाकडं बसायचे संडास, उकिडवं बसणं बरेच महिने बंद. आम्ही हे डिस्चार्जच्या दिवशी लक्षात आल्यावर धावपळ केली. कमोडची खुर्ची मिळते, ती आणा. कुबड्यांच्या रबरी टोप्या झिजलेल्या नसाव्यात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर त्या सरकतात. जेवायला मांडी घालून बसणंही नाही, हे पाहुण्यांनाही सांगून ठेवा. बसनं जायचं तर शक्ती योजनेमुळं माझ्या बायकोला आणि मुलीला शून्य तिकीट होतं, त्यामुळं आठवड्याला तीन फेऱ्या बेळगावला परवडल्या. तुमच्या मुलाचं तिकीट पडेल.

शिंप्याची टेप घ्या आणि दोन्ही मांड्यांचा घेर दर रविवारी मोजून कॅलेंडरवर लिहा, वाटीपासून तेवढ्याच अंतरावर. माझ्या मुलीच्या दुखऱ्या मांडीचा घेर तीन सेंटिमीटरनं कमी झाला होता. आकडा वाढताना दिसला की पोरांना हुरूप येतो, नुसतं 'धीर धर' म्हणून येत नाही.

आता माझी दुसरी चूक. ऑपरेशननंतर पाचव्या-सहाव्या महिन्यात पोरगी पळायला लागली. दुखत नाही, सूज नाही. समोर निवड चाचणी. मी फिजिओच्या बाईंना म्हणालो, "नुसती दोन रेड मारू दे की." त्यांनी तिला एका पायावर सलग तीन उड्या मारायला लावल्या, आधी चांगला पाय, मग दुखरा, आणि फरशीवर खडूनं खुणा केल्या. दोन खुणांत हातभराचं अंतर. मी गप्प बसलो. आत बसवलेली नस त्या काळात अजून लिगामेंट होत असते. दुखणं गेलं म्हणजे ताकद आली असं नाही. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जेवढे महिने लांबवलं, त्या प्रत्येक महिन्याला पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटलं. आणि खेळात परतलेल्या तरुण मुलामुलींत साधारण चारांत एकाचं, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचं, लिगामेंट पुन्हा तुटतं. म्हणजे नऊ महिने ही खालची मर्यादा समजा, आणि तारखेबरोबर चाचणीही पास व्हायला हवी. दोन्ही पायांची ताकद ९० टक्क्यांच्या वर जुळली पाहिजे. कुस्तीत तर समोरचा पट काढताना नेमका तोच पाय खेचतो, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर वर्ष धरलं असतं. तेही आधी एकट्यानं मेहनत, मग ठरवून डाव, मग खडाखडी (उभ्यानं झटापट), आणि सगळ्यात शेवटी जोड, म्हणजे पुरी कुस्ती. खोल बैठका कधी, ते फिजिओ ठरवतील, वस्ताद नाही. गोळ्या-इंजेक्शन घेऊन दुखणं दाबून मैदानात उतरवायला कुणी सांगितलं तर सरळ उठून या.

'वर्ष वाया' असं घरात म्हणत असाल तर हिशेब करा. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. १३ चा मुलगा एक गट गमावेल, पुढचे दोन त्याच्यासमोर आहेत.

आता त्याच्या गप्प बसण्याबद्दल. ऑपरेशननंतर मुलीला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "बरं झालं, दहावी तोंडावर आहे, आता अभ्यास तरी होईल." ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडली, शोकेसमधली मेडलं काढून पेटीत टाकली. नवव्या दिवशी रात्री गोठ्यात आली आणि म्हणाली, "पप्पा, मी परत खेळतो की नाही ते एवढं सांगा." मला उत्तर येत नव्हतं, तसंच सांगितलं. "तू खेळायचं की नाही हे मी ठरवणार नाही. तयार झालीस का ते चाचणी ठरवेल. मग तू ठरव." त्यानंतर व्यायामाला तिला हाक मारावी लागली नाही.

म्हणून ताई, 'कुस्ती बंद' हा निर्णय आत्ता कुणी घेऊ नका, सासूबाईंनीही नाही. वर्षानं त्याला स्वतःला नको वाटलं तर तो सोडेल, कुणी अडवू नये. तोपर्यंत तालमीपासून तोडू नका. संध्याकाळी तासभर बसू द्या. हौद्याच्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू किती पडतं ते त्याला बघू द्या, बारक्या पोरांच्या बैठका मोजू द्या. खुराक थोडा आवरा, तूप-बदाम आधीएवढं नको, पण दूध, अंडी, डाळ कमी करू नका. विनेश फोगटचं त्याला माहीत असेलच, २०१६ ला रिओत गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर नेली, २०१८ ला जकार्ताच्या आशियाई खेळात सुवर्ण. ते सांगा, पण ती मोठी बाई होती आणि पाठीशी अख्खी फौज होती हेही सांगा. तिच्या कॅलेंडरवर याचा गुडघा चालवू नका.

माझी मुलगी अकराव्या महिन्यात मैदानात गेली. पहिल्या रेडला एकही पॉइंट न घेता परत आली, मध्यरेषेला हात टेकवून हसत होती. अजूनही ब्रेस पिशवीत असतो आणि सामन्याआधी वीस मिनिटं तिचा वॉर्म-अप चालतो, त्यात तडजोड नाही.

रिपोर्टमधली मेनिस्कसची ओळ इथं लिहा, त्यावरून डॉक्टरांना आणखी काय विचारायचं ते सांगतो. आणि ती कमोडची खुर्ची नवी घेऊ नका. आमची माळ्यावर पडून आहे, धुऊन पुसून निपाणीच्या बसमध्ये घालून देतो, स्टँडवर कुणाला तरी उतरवून घ्यायला पाठवा.