पीसी आपोआप बंद पडतोय? मदरबोर्ड बदलायच्या आधी हे करून बघा

ताई, तुमची सगळी हकिकत दोनदा वाचली. सहा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला पीसी, त्यात इंटेलचा नवव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. काम करता करता खटकन बंद होतो. निळी स्क्रीन येत नाही, मेसेज येत नाही. दुकानवाल्याने फॉरमॅट मारून दिला तरी तेच. आता तो म्हणतो मदरबोर्ड गेला, नऊ हजार लागतील. आणि मुलीचं प्रोजेक्ट सबमिशन आठवड्यावर आलंय.

सगळ्यात आधी प्रोजेक्टचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या, बाकी काहीही करण्यापूर्वी. फाइल सेव्ह होत असताना वीज तुटली तर ती फाइल उघडेनाशी होऊ शकते, आणि तुमच्याकडे हे दिवसातून चार वेळा होतंय.

आता मुख्य मुद्दा. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की सकाळी पहिल्यांदा लावला की पाऊण तास चालतो, बंद पडल्यावर लगेच लावला तर दहा मिनिटं, त्यानंतर चार-पाच. माझ्या मते सगळं दुखणं याच ओळीत आहे. मशीन गार असताना जास्त वेळ चालतं आणि तापलेलं असताना लगेच पडतं, म्हणजे आधी संशय उष्णतेवरच घ्यायचा. प्रोसेसर तापला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापमान चढत राहिलं तर जळू नये म्हणून मशीनची वीजच तोडली जाते. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. वीज अशी तुटली की विंडोजला काही नोंदवायला वेळच मिळत नाही, म्हणून स्क्रीनवर काही दिसत नाही.

दुकानवाल्याने इव्हेंट व्ह्यूअरमधली (म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतली) लाल खुणेची 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दाखवून बोर्ड गेल्याचं सांगितलं, असं तुम्ही म्हणता. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. चालू पीसीचा प्लग उपटला तरी हीच नोंद पडते. मशीन का पडलं, ते तिच्यातून कळत नाही. तेवढ्यावर नऊ हजार रुपये देऊ नका.

त्याऐवजी एक साधी चाचणी करा, काही डाउनलोड करायला नको. पीसी चालू करताना डिलीट बटण सारखं दाबत राहा, बायोस उघडेल, म्हणजे विंडोजच्या आधीची मदरबोर्डची सेटिंगची स्क्रीन. काही बोर्डांना एफ-२ लागतं. तिथे सीपीयू टेम्परेचर, म्हणजे प्रोसेसरचं तापमान दिसतं. तसाच ठेवून समोर बसा आणि दर दोन मिनिटांनी आकडा कागदावर लिहा. ४०-५० च्या आसपास येऊन थांबला तर ठीक. ७०, ८०, ९० असा चढतच गेला आणि मशीन पडलं, तर कारण सापडलं. शिवाय बायोसमध्ये असताना विंडोज चालूच नसतं. तिथेही मशीन पडत असेल तर फॉरमॅटचा काही उपयोग नव्हता हेही कळेल.

हे इतकं ठामपणे सांगतोय कारण माझ्याच घरी हे झालंय. २०१९ च्या मे महिन्यात माझा पीसी असाच पडायला लागला. एका दुकानात रॅम बदलली, मग एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा आतला डबा) बदलला, साडेचार हजार गेले, दुखणं तसंच. शेवटी एका रविवारी मीच बाजूचं पॅनल काढलं. पंखा फिरत होता, त्यामुळे वरवर सगळं ठीक वाटत होतं. पण प्रोसेसर गार ठेवणारा इंटेलचा तो गोल, पंख्याचा कूलर चार प्लास्टिकच्या पिनांवर बसतो. त्यातली एका कोपऱ्यातली पिन बोर्डातून वर आली होती आणि कूलर त्या बाजूने कागदाच्या जाडीएवढा उचलला गेला होता. काढून बघितलं तर खालची पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट) चुन्यासारखी वाळलेली, नखाने खरवडली की पापुद्रे निघत होते. पुसून नवी पेस्ट लावली, पिना नीट बसवल्या, खर्च दोनशेच्या आत. तो पीसी आजही चालतोय.

तुम्ही धायरीत राहता, समोर इमारतीचं काम चालू आहे. ती सिमेंटची बारीक धूळ हीटसिंकच्या, म्हणजे कूलरच्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये जाऊन नमद्यासारखी बसते. त्यात आपल्याकडे सुताराने केलेल्या कॉम्प्युटर टेबलात सीपीयूचा डबा ठेवायला बंद कप्पा असतो, मागे भिंत. गरम हवा जायला वाटच नाही. तुमचाही तसाच असेल तर आजच बाहेर काढून ठेवा.

साफ करताना प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा आणि रंगकामाचा कोरा, मऊ ब्रश वापरा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या झोताने गरगर फिरवू नका. कूलर काढायचा तर पिनांची टोकं बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायची. बसवताना ती आधी उलट फिरवून मूळ जागी आणायची आणि मग समोरासमोरचे कोपरे जोडीने दाबायचे. प्रत्येक पिनेचा 'टक' आवाज आला पाहिजे. पेस्ट मसुराच्या दोन दाण्यांएवढी पुरे. एसएमपीएसचा डबा मात्र अजिबात उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो.

बायोसमधला आकडा ५० च्या आत राहूनही मशीन पडलं, तर मग एसएमपीएस. तोही तापल्यावर दगा देतो, त्यामुळे लक्षण सारखंच दिसतं. मल्टीमीटर असेल तर हार्ड डिस्कच्या कनेक्टरवर पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मोजा, ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मध्ये यायला हवेत. नसेल तर ओळखीच्यांकडून चांगला एसएमपीएस दिवसभर उसना आणून लावा, हे मापनापेक्षाही खात्रीचं.

यूपीएस राहिला. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, मग दिवे मिणमिणले तरी पीसी पडतो. पीसी बायोसमध्ये ठेवा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. लगेच बंद पडला तर बॅटरी संपली. ही चाचणी विंडोज चालू असताना करू नका. पण तुमच्या पाऊण तास, दहा मिनिटं, चार मिनिटं या क्रमाचा उलगडा यूपीएसने होत नाही, म्हणून तो शेवटी.

पेस्ट आणि साधा मल्टीमीटर पुण्यात तापकीर गल्लीत मिळून जाईल. शहरात गेलात की घेऊन या.

बायोसमधले दहा मिनिटांचे आकडे, टेबलाचा कप्पा उघडा की बंद, आणि चारही पिना बोर्डाला टेकल्यात का, एवढं बघून मला कळवा. पिना दिसतील असा कूलरचा एक फोटो बाजूने काढून पाठवलात तर आणखी चांगलं.